पाचबोट्या

देल्फीना लितुमा बसून टोपी विणते असं सान रोके गावात कोणी पाहिलं नव्हतं. तोकिया गवताच्या पांढऱ्या काड्यांची जुडी काखेत, माथ्याचं विणकाम छातीशी धरलेलं, बोटं आपली आपण चाललेली, आणि पाय सिग्सिगच्या बाजाराच्या वाटेला लागलेले. गावातल्या सगळ्याच बायका चालता चालता विणतात. पण बाकीच्यांना चढ लागला की बोटं थांबतात, उतार लागला की गप्पा वाढतात. देल्फीनाचं तसं नव्हतं. तिचे खांदे हलत नसत, मान हलत नसे. कमरेखाली मात्र घागऱ्याचा घेर असा डावी-उजवीकडे फिरायचा की मागून येणाऱ्याला वाटावं, बाई नाचत चाललीय. पुढून पाहणाऱ्याला वाटायचं, बाई प्रार्थनेत आहे.

शाळेचे आब्दोन मास्तर तरुणपणी क्वेंका शहरात शिकायला होते. तिथे बागेत सकाळी चालण्याच्या शर्यतीचा सराव करणारी मुलं त्यांनी पाहिली होती. एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, पुढे टाकलेला गुडघा सरळ हवा. दोन्ही पाय हवेत गेले की ती पळापळ झाली, आणि गुडघा वाकला की ती चालढकल झाली. मास्तर गावी परतले तेव्हा त्यांनी देल्फीनाला बाजारातून येताना पाहिलं आणि वाटेतच टाळ्या वाजवल्या. ती तेव्हा लांब वेण्यांची पोर होती. मास्तर शाळेत गेले आणि बाकीच्या मास्तरांना म्हणाले, "शहरात पोरांना शिट्ट्या मारून मारून शिकवतात ते आपल्याकडे टोप्या विणता विणता येतं!"

मग मास्तरांनीच सान रोकेच्या सणाला शर्यत सुरू केली. संत रोके हा पायी भटकणारा संत. हातात काठी, मांडीवर जखम, पायाशी कुत्रा. त्याच्या सणाला चालणंच शोभतं, असं मास्तरांचं म्हणणं. शर्यत जोडीची. एक बाई, एक बाप्या. आधी बाप्या, मग बाई, पुन्हा बाप्या, पुन्हा बाई, प्रत्येक वेळी देवळाभोवतीच्या रस्त्याला तीन फेऱ्या. जोडी कोण? ज्यांचा मका एका पातेल्यात शिजतो ते दोघे. नवरा-बायको असोत, बहीण-भाऊ असोत, सासू-जावई असोत, चूल एक हवी. पुढच्यानं मागे वळून पाहायचं नाही. हात मागे करून उभं राहायचं, हाताला हात लागला की निघायचं. आणि जिंकणाऱ्या बाईनं विणलेली टोपी वर्षभर संताच्या डोक्यावर राहायची.

नियमात एकच गोष्ट फादर विल्सननी घातली. चालण्यात चूक झाली म्हणून कोणाला तीन लाल कार्डं मिळाली तर त्या जोडीच्या पुढच्या माणसानं खडूच्या चौकोनात उभं राहून मारियामातेची प्रार्थना, 'नमो मारिये', तीन वेळा म्हणायची. मोठ्यानं, सावकाश. मध्ये तुटलं तर ते पहिल्यापासून. "देवाशी बोलताना दुसरा फोन घ्यायचा नाही," असं फादर म्हणत, आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसत.

गेली कित्येक वर्षं संताच्या डोक्यावर देल्फीनाचीच टोपी होती. तिचा जोडीदार तिचा धाकटा भाऊ क्लेवेर. लग्न न करता तिच्याच चुलीवर जेवणारा, आणि त्याबद्दल वर्षातून एकदा, सान रोकेच्या सणाला, पायांनी परतफेड करणारा.

कारण देल्फीनाच्या चुलीवर नवरा नव्हता. सेगुंदो न्यूयॉर्कला होता.

मुलगी नाएली रांगत होती तेव्हा तो गेला. गावातले अर्धे बाप्ये असेच गेलेले, त्यामुळे कोणी फारसं रडलंही नाही. सेगुंदोनं क्वीन्समधल्या एका हॉटेलात भांडी घासली, मग कांदे चिरले, मग शेगडीपुढे उभा राहिला. त्यानं फोनवरून संसार केला आणि फोनवरूनच घर बांधलं. तीन मजली, निळ्या काचांचं, वर सिंहाची दोन तोंडं. "फरशी गुलाबी घे," तो फोनवर सांगे, आणि देल्फीना गुलाबी फरशी घेई. सिंह मात्र तिला आवडले नव्हते. गवंड्याला तिनं त्यांची तोंडं शेजारणीच्या घराकडे करायला लावली. आणि एवढं सगळं झाल्यावर ती राहिली कुठे, तर मागच्या जुन्या मातीच्या स्वयंपाकघरात. तिथे चुलीची ऊब होती, गिनीपिगांची खुराडी होती आणि टोपीच्या काड्या वाळायला दोरी होती. पुढचं घर ती शनिवारी पुसून घेई. नाएली क्वेंकाला कॉलेजात गेल्यावर तर ते पुसायलाही दोन आठवडे लागू लागले.

कागदपत्रं झाली, जाता-येता येईल अशी सोय झाली, तसा सेगुंदो आला. दोन मोठ्या बॅगा, पांढरे बूट, आणि परतीचं तिकीट. तिकीट सणानंतरचं होतं. ते त्यानं लपवलं नाही. पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवलं.

"मालकानं माझी जागा सणापर्यंत धरून ठेवलीय," तो म्हणाला. "बघू. इथे जमलं तर राहीन."

"बघू," देल्फीना म्हणाली, आणि मक्याच्या पातेल्याखाली लाकूड सारलं.

जमत नव्हतं. सेगुंदो पुढच्या घरात निळ्या काचेमागे बसे, देल्फीना मागे. तो जेवायला मागे येई तेव्हा त्याचं डोकं जुन्या दाराला आपटे. त्यानं गॅसची शेगडी आणली तर देल्फीनानं तिच्यावर टोप्या ठेवल्या. त्यानं भिंतीचा रंग बदलू म्हटलं तर ती म्हणाली, "कोणत्या भिंतीचा? तुझ्या की माझ्या?" वाईट बोलली नाही ती. खरोखरच विचारत होती. इतकी वर्षं घरातल्या प्रत्येक कामाला माणूस ठरलेला होता. पाटाचं पाणी सोडायला क्लेवेर, गाठोडी उचलायला क्लेवेर, गावकीच्या बैठकीला देल्फीना. सेगुंदोला हात लावायला काही उरलंच नव्हतं. तो गावात फिरायला जाई आणि तिथेही घोटाळा होई.

"आज आब्दोन मास्तर भेटले होते का रे तुला?" देल्फीनानं एकदा विचारलं.

"दिसले. पलीकडून चालले होते."

"मग?"

"मग काय? ते गेले, मी आलो."

"हात नाही दिलास?"

"काल दिला होता की."

"काल दिला म्हणून काय झालं? काल जेवलास म्हणून आज उपाशी राहिलास का?" तिनं पळी खाली ठेवली. "मास्तर दुकानात सांगत होते, सेगुंदो काचेतून बघतो तसा रस्त्यानंही बघतो. हे बघ, इथे माणूस दिसला की हात द्यायचा. हात पुढे आला की धरायचा आणि 'बुएनोस दियास' म्हणायचं, दिवस चांगला जावो म्हणून. मग तो कोणी का असेना."

"तिकडे असा प्रत्येकाला हात देत सुटलो तर पोलीस बोलावतील."

"तिकडचं तिकडे. तू इथे आहेस."

तो ऐकून घेई. रोज सकाळी तिच्याबरोबर बाजाराच्या वाटेला लागला की ती कोपरानं ढोसून सांगे, "हात!" आणि तो हात पुढे करी. हळूहळू ढोसायची गरज उरली नाही. हात पाहिला की त्याचा हात आपोआप जाई. एकदा दुकानातल्या कपड्याच्या बाहुलीलाही गेला. ते देल्फीनानं कोणाला सांगितलं नाही.

पण हात देऊन माणूस राहत नाही, हे तिला कळत होतं. रात्री तो तिकिटाकडे बघे आणि ती त्याच्याकडे बघे. 'राहा' हा शब्द तिच्या तोंडून निघणार नव्हता. ज्या बाईनं इतकी वर्षं एकटीनं गाडा ओढला तिनं आता पदर पसरायचा? जायचं तर जाऊ दे. पण गेलाच, तर निदान इथे जागा नव्हती म्हणून गेला असं व्हायला नको. आणि जागा करायची तर कुठे करायची, हे तिला एका सकाळी चढावर, विणता विणता सुचलं. घरात सगळं वाटून झालं होतं. शर्यतीत मात्र तिची जोडी तिच्या हातात होती.

क्लेवेर खुराड्यात गवत टाकत होता.

"यंदा सणाला मी सेगुंदोबरोबर चालणार," ती म्हणाली.

क्लेवेरनं गवताची पेंढी तशीच धरून ठेवली. "ताई, ताप आलाय का तुला?"

"चूल एक आहे. नियमात बसतं."

"नियमात बसतं, पण चालण्यात बसतं का? तो बदकासारखा चालतो. गुडघे बघितलेस त्याचे? शेगडीपुढे उभं राहून वाकलेत. वरच्या आळीची ओतिलिया वर्षभर वाट बघतेय, तिची टोपी कधीची विणून तयार आहे." मग त्याला पुढचं सुचलं आणि तो स्वतःच हसला. "अगं, त्याचं नावच सेगुंदो. सेगुंदो म्हणजे दुसरा. पहिला कसा येईल तो?"

"येईल. मी शिकवेन."

"आणि हरलीस तर?"

"तर टोपी संताच्या डोक्यावरून उतरेल. माझ्या डोक्यावरची राहीलच."

 क्लेवेर धाकटा होता, पण मूर्ख नव्हता. "म्हणजे हे तिकिटासाठी चाललंय," तो म्हणाला, आणि पेंढी खुराड्यात टाकली.

सराव नदीकाठच्या रस्त्यावर होई. ऑगस्टचा वारा, वर पोरांचे पतंग, खाली सेगुंदोचे पांढरे बूट.

"कंबर हलव," देल्फीना म्हणे.

"बायकांसारखी?"

"हो, बायकांसारखी. बायका जिंकतात म्हणून."

"सगळे बघताहेत."

"बघू देत. सिंह बसवलेस तेव्हा लाज वाटली नाही, ती आता कशाला? टाच आधी टेकव. गुडघा सरळ. सरळ म्हटलं ना! तू कोणाच्या पाया पडायला चाललायस का?"

लोक खरंच बघत. बाजाराला जाणाऱ्या बायका हसत, आणि हसून झालं की शिकवत. एकीनं खांदे सैल सोडायला सांगितलं, दुसरीनं हातात काड्या दिल्या आणि म्हटलं, "धरून चाल, म्हणजे हात वर जाणार नाहीत." सेगुंदो काड्या धरून चालला. विणणं त्याला येत नव्हतं, पण काड्या धरल्यावर त्याचे खांदे शांत झाले हे देल्फीनानंही मान्य केलं. संध्याकाळी तो मागच्या चुलीपाशीच पाय शेकत बसू लागला. दाराला डोकं आपटेनासं झालं. वाकायला शिकला होता.

सणाच्या दिवशी बँड सकाळपासूनच सुटला होता. देवळासमोर भाजलेल्या डुकराच्या परातींपुढे लोकांच्या रांगा होत्या. संत रोके दाराशी आणून बसवला होता, डोक्यावर देल्फीनाची टोपी. जोड्या पुष्कळ होत्या, पण शर्यत दोघींचीच, हे साऱ्या गावाला माहीत होतं. देल्फीना आणि ओतिलिया. ओतिलिया म्हणजे नाएलीची धर्ममाता, देल्फीनाची कोमाद्रे. नातं बहिणीपेक्षा घट्ट, आणि भांडणंही तशीच. तिचा नवरा रिगोबेर्तो सुतार. उजव्या हाताची दोन बोटं करवतीनं नेलेली, म्हणून सारा गाव त्याला तीनबोट्या म्हणे. सान रोकेत टोपणनाव नसलेला माणूस सापडणं कठीण. आब्दोन मास्तर 'घंटा' होते, क्लेवेर 'मांजर' होता. सेगुंदोला मात्र नाव नव्हतं. नाव पडायच्या आधीच तो गेला होता.

"काय गं, 'तिकडचा' घेऊन आलीस?" ओतिलियानं बूट बांधता बांधता विचारलं. "क्लेवेरला काय, विकलास?"

"तुला एकदा जिंकायची संधी द्यावी म्हटलं, कोमाद्रे. वय होत चाललं तुझं."

"तोंड चालव तू, पाय माझे चालतील."

पहिल्या फेऱ्यांत सेगुंदो बरा चालला. पंच म्हणून उभ्या मास्तरांनी इशाऱ्याची पिवळी पाटी दोनदा दाखवली आणि एक लाल कार्ड खिशातून काढलं, गुडघ्याचं. रिगोबेर्तो पुढे गेला, पण फार नाही. देल्फीनाच्या हाताला हात लागला आणि ती निघाली तेव्हा गावानं तो घागऱ्याचा घेर पुन्हा पाहिला. टाच, पाऊल, टाच, पाऊल, दोरा ओढावा तसा सरळ. तिनं तिसऱ्या फेरीत ओतिलियाला मागे टाकलं आणि सेगुंदोच्या हातात चांगली मोठी आघाडी दिली.

"फक्त घरी आण," ती म्हणाली. "घाई करू नकोस."

त्यानं घाई केली नाही. पण उन्हानं, वाऱ्यानं आणि बँडनं त्याला आतून पोखरलं. दुसऱ्या फेरीत दुसरं लाल कार्ड आलं. तिसऱ्या फेरीत तो औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून वळला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी तो पुढे होता. रिगोबेर्तो त्याच्यामागे बराच लांब. हातबदलाच्या पट्ट्यात दोघी उभ्या होत्या. ओतिलिया अलीकडे, देल्फीना पलीकडे, दोघींची तोंडं पुढे, दोघींचे हात मागे पसरलेले.

सेगुंदो पट्ट्यात शिरला. समोर एक हात पुढे आला होता.

तीन महिने शिकवलेलं ते सगळं त्याच्या अंगात उतरलं होतं. हात दिसला. त्यानं तो धरला, नीट, पूर्ण पंजात, वर थोडा दाबलाही, आणि बँडच्या कल्लोळात पुटपुटला, "बुएनोस दियास."

ओतिलिया बाण सुटावा तशी सुटली.

देल्फीनाला बाजूनं घागऱ्याचा वारा लागला. नियम मोडून तिनं मागे पाहिलं. सेगुंदो रस्त्याच्या मध्यभागी उभा, पुढे केलेला हात अजून तसाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"माझा हात!" ती ओरडली. "अरे माझा, माझा!"

सेगुंदो भानावर आला आणि सरळ उडी मारून धावला. दोन्ही पाय हवेत, पांढरे बूट सगळ्या गावानं पाहिले. मास्तरांनाही दुसरा इलाज नव्हता. तिसरं कार्ड बाहेर आलं. सेगुंदोचा हात देल्फीनाच्या हाताला लागला आणि त्याच क्षणी फादर विल्सननी खडूच्या चौकोनाकडे बोट केलं.

देल्फीना चौकोनात उभी राहिली. समोर सरळ रस्ता, त्यावर ओतिलियाची पाठ लहान होत चाललेली. मागून रिगोबेर्तो धापा टाकत येतोय, त्याला हात द्यायला कोणी नाही. फेऱ्या संपल्या की मास्तर ओतिलियाची जोडी बाद करणार, कारण तिच्या नवऱ्यानं तिला हात लावलेलाच नाही. देल्फीनानं फक्त प्रार्थना म्हणायची आणि मग गाणं म्हणत चालत गेली तरी चाललं असतं. टोपी संताच्या डोक्यावर राहिली असती. आणि वर्षभर, जो तो देवळात शिरताना टोपीकडे बोट करून म्हणाला असता, ही सेगुंदोच्या घोळानं राहिलेली टोपी. असं नाव घेऊन कोण गावात राहील?

"नमो मारिये, कृपापूर्णे," तिनं सुरुवात केली, "प्रभू तुझ्या ठायी आहे... ओतिलिया! अगं ए! परत फीर!"

"पहिल्यापासून," फादर म्हणाले.

"नमो मारिये, कृपापूर्णे... तो तुझ्या नवऱ्याचा हात नव्हता, माझ्या नवऱ्याचा होता!"

"पहिल्यापासून, देल्फीना."

"ऐकू नकोस तिचं!" वरच्या आळीचे लोक ओरडले. "चाल तू! डाव आहे तिचा!"

"डाव!" ओतिलिया मागे न बघता ओरडली. तिचे पाय थांबले नव्हते. "तीस वर्षं ओळखते मी तुला!"

"मग ओळख ना! बोटं मोज! किती बोटं लागली हाताला?"

ओतिलियाची पावलं दोन-चार पडली आणि आखडली. तिनं उजवा हात डोळ्यांपुढे धरला, जणू बोटं अजून तिथेच चिकटलेली असावीत. गाव गप्प झाला. बँडवाल्यांतला एक तेवढा तुतारी फुंकत होता, त्यालाही कोणीतरी गप्प केलं.

"पाच होती," ओतिलिया म्हणाली. मग किंचाळली, "अरे देवा, पाच होती!"

तेवढ्यात पट्ट्याच्या तोंडाशी रिगोबेर्तो येऊन उभा राहिला होता. त्यानं उजवा हात वर केला. तीन बोटं. गाव असा हसत सुटला की संताच्या पायाशी बसलेला खराखुरा कुत्राही उठून भुंकायला लागला. ओतिलिया परत आली, हात लावून घेतला, आणि पुन्हा निघाली. देल्फीनाची तेव्हा कुठे पहिली 'नमो मारिये' पुरी होत होती. फादर दोन बोटं दाखवत होते, अजून दोन.

त्या दोन तिनं इतक्या स्पष्ट म्हटल्या की पुढे फादर मुलांना तिचं उदाहरण देऊ लागले. आणि मग ती निघाली.

त्या तीन फेऱ्यांबद्दल गाव अजून बोलतो. पहिल्या फेरीत ओतिलिया कोपऱ्याआड होती. दुसऱ्या फेरीत तिचा घागरा दिसू लागला. तिसऱ्या फेरीत दोघी खांद्याला खांदा लावून औषधाच्या दुकानावरून वळल्या. मास्तर गुडघ्यावर बसून त्यांचे पाय बघत होते, एकीचंही पाऊल सुटलं नाही. देल्फीनाच्या छातीशी टोपी नव्हती, पण बोटं विणत होती. देवळापर्यंत ती पोचली तेव्हा ओतिलिया तिच्यापुढे होती. फार नाही. टोपीच्या काठाएवढी.

देल्फीना हरली.

ओतिलिया पायरीवर बसून धापा टाकत होती. "मूर्ख बाई," ती म्हणाली. "गप्प बसली असतीस तर जिंकली असतीस."

"आणि तू सात पिढ्या माझ्याशी बोलली नसतीस."

"ते तर आताही ठरवलंय मी." ओतिलियानं तिच्याकडे पाण्याचा मग सरकवला. "उद्या जेवायला या दोघं. डुकराचं उरणार आहे."

संताच्या डोक्यावरची टोपी बदलली गेली तेव्हा देल्फीना पुढेच उभी होती. तिनं नवी टोपी नीट पाहिली. काठ थोडा सैल होता. तिची नजर त्या काठावरून फिरली, आणि ओतिलियाला ते कळलं.

सेगुंदो देवळाच्या मागे बूट काढून बसला होता. ती आली तसा तो उठू लागला.

"बस," ती म्हणाली. तीही शेजारी बसली. "हात छान दिलास. अगदी शिकवला तसा."

त्यानं मान खाली घातली. "तुझी टोपी गेली."

"गेली. पुढच्या वर्षी येईल. चुकीच्या बाईला दिलास एवढंच."

 तेवढ्यात आब्दोन मास्तर कोपऱ्यावरून आले आणि त्याच्यापुढे हात धरून उभे राहिले. काचेतून बघतो म्हणणारे तेच मास्तर.

"दे हात, पाचबोट्या!"

सेगुंदोनं हात दिला. मास्तरांनी तो सोडला नाही. एकेक बोट धरून मोजलं, "एक, दोन, तीन, चार, पाच. बरोबर आहेत." मग रिगोबेर्तो आला, त्यानंही मोजली, आणि तक्रार केली की दोन जास्त आहेत, ती त्याची असावीत. मग वरची आळी आली, खालची आळी आली. क्लेवेर सर्वांत शेवटी आला. त्यानं हात धरला, मोजला नाही. "दुसरा आलास," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं." आणि हसत हसत त्याच्या पाठीत गुद्दा घातला. संध्याकाळपर्यंत सेगुंदोचा हात सुजला होता. देल्फीनानं त्यावर मिठाचं पाणी ओतलं.

तिकिटाच्या दिवशी सकाळी दोन्ही बॅगा निळ्या काचेच्या घरात भिंतीशी उभ्या होत्या. भरलेल्या की रिकाम्या, ते देल्फीनानं बघितलं नाही. ती मागच्या अंगणात नवी टोपी सुरू करत होती, माथ्याच्या मधल्या काड्या जुळवत, येरझाऱ्या घालत. क्वेंकाची बस देवळापाशी भोंगा वाजवत होती. ती भोंगा ऐकत होती आणि चालत होती.

तेवढ्यात फाटकापाशी पाच बाप्ये येऊन थांबले. खांद्यावर फावडी, डोक्यावर टोप्या. आज वरच्या पाटाची सफाई होती, प्रत्येक घरचा एक माणूस. देल्फीनाच्या घरचा आजवर क्लेवेर जात असे.

"देल्फीना!" रिगोबेर्तोनं हाक मारली. "पाचबोट्या आहे का घरात?"

बसनं पुन्हा भोंगा वाजवला. देल्फीनाची बोटं थांबली, आणि तिला ती थांबल्याचं कळलं. 

जुन्या दारातून कोणीतरी वाकून बाहेर आलं. डोकं आपटलं नाही.

"अगं, क्लेवेर फावडं कुठे ठेवतो?" सेगुंदोनं विचारलं.

"खुराड्यामागे," ती म्हणाली.

तो फावडं घेऊन आला. फाटकापाशी त्यानं पाचही जणांना हात दिला, एकेकाला, 'बुएनोस दियास' म्हणत. बस त्यांच्या अंगावरून धूळ उडवत खाली गेली. सहा जण वरच्या वाटेला लागले. सेगुंदो सर्वांत मागे होता. त्याचा डावा गुडघा अजून वाकत होता.

"गुडघा!" देल्फीना फाटकातून ओरडली.

त्यानं तो सरळ केला.